डबा नसलेला थांबा

जीपीएस ही मूळची अमेरिकी लष्कराची व्यवस्था. सामान्य माणसाला तिचे संदेश फुकट मिळत, पण त्यांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. हातातलं यंत्र त्यामुळे शंभर मीटरपर्यंत भरकटायचं. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री ती बंद झाली. उपग्रह तेच, लोकांच्या हातातली यंत्रंही तीच. पण शंभर मीटरची चूक एकाएकी दहा-वीस मीटरवर आली.

लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक या गावी, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञानं झाडीत एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा. बादलीचे अक्षांश-रेखांश त्यानं जगजाहीर केले. अट अशी, की काही तरी घ्या, काही तरी ठेवा आणि वहीत नोंद करा. सुधारलेल्या जीपीएसची परीक्षा घ्यावी, एवढाच त्याचा हेतू होता. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं, आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी सगळ्या जागांची यादी एका ठिकाणी आणली, तेव्हा तीत अवघ्या ७५ नोंदी होत्या. आज जगभरात तीस लाखांहून अधिक जागा आहेत. अंटार्क्टिकावर आहेत, आणि रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही एक जागा नोंदवली.

खेळाचं मूळ मात्र उपग्रहांहून जुनं आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल नावाची दुर्गम, दलदलीची जागा आहे. तिथवर लोकांना नेणाऱ्या जेम्स पेरट या वाटाड्यानं १८५४ मध्ये तिथे एक बाटली ठेवली. जो तिथे पोचेल त्यानं आपलं नावाचं कार्ड बाटलीत टाकायचं. पुढे अशा पेट्या माळभर झाल्या. म्हणजे मुळात ही ओढ यंत्राची नव्हतीच. एखाद्या जागी मुद्दाम जावं, तिथे थांबावं आणि आपण आलो होतो याची खूण ठेवावी, ही ती ओढ.

रस्त्याकडेचा थांबा

जिओकॅशिंगच्या सगळ्याच जागा डोंगरमाथ्यावर नसतात. कितीतरी जागा रस्त्याला लागूनच असतात. गाडी बाजूला घ्या, चार पावलं चाला, डबा शोधा, सही करा आणि पुढे निघा. खेळणारे याला ‘पार्क अँड ग्रॅब’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत आडबाजूच्या, समुद्रकाठच्या जुन्या गावांत असे थांबे हौसेनं केले जातात. एरवी वाटसरू जिथून सरळ निघून गेला असता, तिथे तो डब्याच्या निमित्तानं उतरतो आणि पडका धक्का, जुनं चर्च किंवा एखाद्या बुडालेल्या जहाजाची पाटी पाहून जातो.

असा डबा दिसतो कसा? बहुतेक वेळा ३५ मिलिमीटरच्या फिल्मची जुनी प्लास्टिकची डबी असते. आत बोटभर रुंदीच्या कागदाची गुंडाळी. तिच्यावर तारीख आणि टोपणनाव, एकाखाली एक. डबीच्या बुडाला कधी लोहचुंबक चिकटवलेलं असतं, म्हणजे ती लोखंडी कठड्याच्या आतल्या अंगाला घट्ट बसते. मोठ्या डब्यांत लहानसहान वस्तू असतात. घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. नियमही ठरलेले आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही, आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी.

रस्त्याकडे थांबून वाचायची खूण मुंबईलाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलला शून्य मानून शहराच्या रस्त्यांवर मैलाचे दगड बसवले गेले. काळा बसाल्ट, त्यावर रोमन आकडा आणि चर्चपासूनचं अंतर. रस्ते भरावानं उंच होत गेले तसे त्यांतले बरेच दगड फुटपाथमध्ये रुतले. अलीकडे महापालिकेनं त्यांतले काही उकरून पुन्हा उभे केले. दगडानं सांगायची ती एकच गोष्ट: तू अमुक जागी आहेस. उपग्रह आज तेच सांगतो, फक्त फार बारकाईनं.

आकडे वाचताना

ती बारकाई येते कुठून? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरतात. संदेश उपग्रहावरून निघाला कधी आणि यंत्रापाशी पोचला कधी, यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं, की अंतर मिळतं. निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली, की जागा ठरते. घड्याळात एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी जागा ३०० मीटर सरकते. म्हणून उपग्रहावर अणुघड्याळं असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. तेवढी दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त घोळ होईल.

माणसाच्या हातून होणारा घोळ मात्र साधा असतो. मुंबईत गोरेगावला असलेल्या आरे कॉलनीच्या मध्यावरचा अक्षांश घ्या: १९.१५५ अंश. हाच आकडा अंश आणि मिनिटांत लिहिला, तर १९ अंश ९.३ मिनिटं होतो. जिओकॅशिंगमध्ये ही दुसरी पद्धत चालते. कुणी घाईत दशांशातला आकडाच मिनिटं समजून १९ अंश १५.५ मिनिटं असा भरला, तर यंत्र त्याला साडेअकरा किलोमीटर उत्तरेला, थेट दहिसर नाक्याच्या आसपास नेऊन सोडेल. एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ किलोमीटर, आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरहून थोडं कमी. आकडा लिहिताना अंश, मिनिटं, दशांशचिन्ह हे सगळं तपासायचं, हा इथला पहिला धडा.

दुसरा धडा झाडीचा. दाट पानांखाली, विशेषतः पावसाळ्यात ओल्या पानांखाली, उपग्रहाचा क्षीण संदेश आणखी क्षीण होतो. उंच इमारतींवर आपटून आला तर लांबच्या वाटेनं येतो आणि यंत्राला फसवतो. त्यामुळे आकडा माणसाला जागेच्या जवळ आणतो, जागेवर नेत नाही. शेवटचे दहा मीटर डोळ्यांचे.

आरेत डबा का नको

आता हा खेळ गोरेगावच्या आरे कॉलनीत आणू. पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या चेकनाक्यातून आत शिरलं, की दिनकरराव देसाई मार्ग वर चढू लागतो. पिकनिक पॉइंटपासून पुढे मरोळकडे आणि पवईकडे वाटा फुटतात. सुमारे सात किलोमीटरचा हा रस्ता रोज हजारो गाड्या ‘शॉर्टकट’ म्हणून वापरतात. थांबतात थोडे.

या जागेचा इतिहास दुधापासून सुरू होतो. शहरातल्या दाटीवाटीतले म्हशींचे तबेले बाहेर काढून एका मोकळ्या, स्वच्छ जागी आणावेत आणि मुंबईला चांगलं दूध मिळावं, ही दारा खुरोडी यांची योजना. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोडींनाही मिळाला. वसाहत सुमारे १,२८७ हेक्टरांची. तिचे तबेले ३२ युनिटांत विभागलेले. आजही आरेत पत्ता सांगतात तो युनिटच्या आकड्यानं.

पण दुधाच्या आधी इथे माणसं होती. केलटीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूर पाडा, चाफ्याचा पाडा, जितोनी पाडा असे सत्तावीस पाडे आरेत मोजले जातात, आणि त्यांत मुख्यतः वारली राहतात. झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबा भेटतो. वारल्यांच्या वाघोबाच्या मूर्तीत वाघ कोरलेला असतो. सोबत सूर्य, चंद्र, कधी नाग. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. हा देव अजून कामावर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं आरे, फिल्म सिटी मिळून २०१८ च्या कॅमेरा-पाहणीत ४७ बिबटे नोंदले गेले. २०२१ आणि २०२२ मध्ये आरेत बिबट्याचे हल्लेही झाले. सकाळी अंधारात किंवा दिवेलागणीनंतर झुडपात वाकून, खाली बसून डबा शोधणारा माणूस बिबट्याच्या नजरेला कसा दिसेल, हे पाड्यावरच्या कुणालाही विचारावं.

डबा न ठेवण्याचं हे पहिलं कारण. दुसरं दगडाखाली आहे. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१० मध्ये विंचवाच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला ‘लायकस आरेयेन्सिस’ असं आरेचंच नाव दिलं. शहराच्या ऐन मध्यात विज्ञानाला अनोळखी असलेला जीव टिकून राहतो, तो तिथले दगड कुणी उलटत नसल्यामुळे. डबा लपवायचा म्हणजे दगड उलटायचे, ढोल्यांत हात घालायचे; आणि मागून येणारा प्रत्येक खेळाडू तेच करणार.

तिसरं कारण मुंबईचं. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे लोकलच्या स्थानकांवर ऐकत मोठं झालेल्या शहरात कठड्याखाली चिकटवलेली डबी हा खेळ वाटत नाही. १९९३, २००६ आणि २००८ चे दहशतवादी हल्ले पाहिलेल्या पोलिसानं ती डबी गांभीर्यानं घ्यावी, हेच योग्य. शिवाय जमीन राज्याच्या दुग्धव्यवसाय विभागाची, काही भाग वनखात्याचा. परवानगीशिवाय वस्तू ठेवणं खेळाच्या नियमांतही बसत नाही.

प्रश्न हीच पेटी

या अडचणीवर जगानं आधीच तोड काढली आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत डबे ठेवायला बंदी आली, तेव्हा २००४ मध्ये तिथल्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या साथीनं ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला. त्यात डबा नसतो, वही नसते. फक्त जागेचे आकडे आणि दोन-तीन प्रश्न. प्रश्न असे, की उत्तर पुस्तकात किंवा घरबसल्या सापडू नये. तिथे उभं राहूनच ते देता यावं. खडकाचे थर मोजा, प्रवाहाची दिशा पाहा, हाताला लागतं ते लिहा. उत्तर पाठवलं, की नोंद झाली. येणारा काही उचलत नाही, काही सोडून जात नाही.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल अशा थांब्याला अगदी योग्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातला, जवळजवळ साठ मीटर उंच बसाल्टचा सुळका. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. त्यातून हे स्तंभ तयार झाले. स्तंभाला बाजू किती, हा प्रश्न खाली उभं राहूनच सुटतो.

आरेचा प्रश्न मात्र पाण्याचा आहे, आणि तो गिल्बर्ट हिलहून जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

इथलं पाणी कुठे जातं?

आरेचे डोंगर हा साष्टी बेटाच्या मधला कणा आहे. ओशिवरा नदी याच डोंगरांत उगम पावते, गोरेगावातून वाहते आणि मालाडच्या खाडीला मिळते. दुसरीकडे विहार तलावाच्या सांडव्याचं पाणी आणि पवई तलावाचा ओसंडा मिळून मिठी नदी होते. आरेच्या पूर्व-दक्षिण उतारांवरचं पाणी तिच्यात जातं. मरोळ, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीत शिरते. एकाच सरीतलं पाणी दोन नद्यांत वाटलं जातं आणि अरबी समुद्राला दोन वेगळ्या खाड्यांतून पोचतं.

जुलैत हे डोळ्यांनी दिसतं. सर थांबल्यावर रस्त्याच्या कडेच्या गटारीकडे बघावं. कुजलेली पानं, बारीक वाळू आणि गढूळ लाल पाणी एका बाजूला वाहत असतं. त्याच्यामागे मोरीपर्यंत जावं. मोरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं, तर पाणी कुठल्या उताराला लागलं ते कळतं. झाडीच्या आत हेच पाणी वाहत नाही, मुरतं. पायाखालच्या पालापाचोळ्यावर दाब दिला, की ते बुटाच्या कडेनं वर येतं. डांबरावर सर थांबताच लोंढा येतो. झाडीतल्या ओढ्याचं पाणी पुष्कळ नंतर चढतं आणि पुष्कळ वेळ टिकतं. पूर येणं आणि न येणं यांतला फरक बराचसा या वेळेच्या फरकात आहे.

२६ जुलै २००५ ला मुंबईनं त्याची किंमत मोजली. सांताक्रूझ वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. भरती, अरुंद झालेली मिठी आणि बुजवलेले काठ एकत्र आले आणि शेकडो माणसं गेली. पुढे माधवराव चितळे समितीनं कारणं तपासली आणि मिठीचं नाव घरोघरी माहीत झालं. त्याआधी बहुतेक मुंबईकरांच्या लेखी तो नाला होता.

तरीही १४ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, आरेला वन ठरवावं ही मागणी मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी मिठीकाठच्या जागेवर झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचं ठरवलं. आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वनासाठी बाजूला काढली गेली. २०२२ मध्ये नव्या सरकारनं कारशेड परत आरेत आणली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून मेट्रो धावू लागली.

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी नकाशे मांडले गेले. नकाशावर सीमा असते, क्षेत्रफळ असतं, जमिनीचा प्रकार असतो. पाणी मुरतंय की वाहतंय, हे नकाशात दिसत नाही. मेट्रो शहराला हवीच होती. तिनं लाखो माणसांचे हाल कमी होतील. पण ‘ही जागा मोकळी आहे’ हे वाक्य ज्यांनी सहज स्वीकारलं, त्यांतल्या फार थोड्यांनी तिथे एक पाऊस उभं राहून काढला होता. माझ्या मते आरेचं खरं दुखणं हे आहे. तिच्याबद्दल निर्णय घेणारे आणि मतं देणारे बहुतेक जण तिच्यातून गाडीनं गेलेले असतात.

थांबा कसा करावा

म्हणून आरेच्या रस्त्याकडे असा थांबा असावा: डबा नसलेला, परवानगीनं केलेला, दिवसाउजेडीच वापरायचा. आता मेट्रोनं आरे स्थानकाला उतरूनही इथे येता येतं. रस्त्याला लागूनच उभं राहायचं, झाडीत शिरायचं नाही, एकट्यानं यायचं नाही, वाघोबाच्या ठाण्याला हात लावायचा नाही, पाड्यात फोटो काढायचे तर आधी विचारायचं.

प्रश्न तीन पुरेत. तुम्ही उभे आहात तिथून पाणी कुठल्या दिशेला जातंय, आणि ते ओशिवराचं की मिठीचं? डांबरावरचं आणि झाडाखालचं पाणी, सर थांबल्यावर किती मिनिटांनी थांबतं? आणि हे पाणी समुद्राला भेटण्याआधी कुठल्या कुठल्या वस्त्यांतून जाईल? पहिल्याचं उत्तर डोळे देतात, दुसऱ्याचं घड्याळ. तिसऱ्यासाठी घरी जाऊन नकाशा उघडावा लागतो, आणि तेव्हा तोच नकाशा वेगळा वाचला जातो, कारण त्यावरची एक जागा आता पाहिलेली असते.

शाळांनी हे जरूर करावं. गोरेगाव, मरोळ, पवईच्या मुलांना हे फार लांब नाही, आणि फोनमध्ये जीपीएस, शिवाय आपल्या इस्रोचं नाविक बऱ्याच नव्या फोनमध्ये असतंच. आकडे काढायला शिकणं हे अर्धं शिक्षण. काढलेल्या आकड्यावर जाऊन खरं काय आहे ते नोंदवणं हे उरलेलं अर्धं. एका वर्गानं पावसाळ्यात दर आठवड्याला एकाच मोरीचं पाणी मोजलं, तर चार वर्षांनी त्या शाळेकडे आरेच्या एका उताराची स्वतःची नोंदवही असेल. पुढच्या वेळी या जमिनीवर काही बांधायचं ठरलं, की ती नोंदवही घेऊन मुलांना सुनावणीला जाता येईल, आणि तिथे त्यांचं म्हणणं मतावर नव्हे, मोजलेल्या पाण्यावर उभं असेल.